बोगद्याच्या आतली बाजू

जेवण आटोपल्यावर कालिंदी कॉटवर जरा पाठ टेकते, झोपायचं नाही असं ठरवून. साडेचारला पुण्याहून माणसं यायची आहेत. त्याआधी कपाटातली धूळ काढायची आहे, वायरी गुंडाळायच्या आहेत, आणि नाशिकला लेकीला, अश्लेषाला फोन करून सांगायचं आहे की हो बाई, देतेय मी.

समोर भिंतीतल्या कपाटाची दोन्ही दारं उघडी आहेत. मधला कप्पा तीन फूट लांब आणि सोळा इंच खोल. एवढ्याशा जागेत छोट्या आगगाडीचा एक अख्खा घाट मावलाय. डावीकडे निळेवाडी नावाचं स्टेशन, मग पूल, उजवीकडे डोंगर, डोंगरात बोगदा, आणि डोंगरभर जंगल. रुळांमधलं अंतर नऊ मिलिमीटर. गाडी बोगद्यात शिरते, कपाटाच्या मागच्या भिंतीला लागून फिरते आणि अठरा सेकंदांनी स्टेशनात परत येते. हे अठरा सेकंद कालिंदीने घड्याळ लावून मोजलेले आहेत. निळेवाडी हे नाव तिच्या नवऱ्याने मनानेच ठेवलेलं. प्रभाकर माईणकर, पाटबंधारे खात्यातले आरेखक. मागच्या फाल्गुनात गेले. असल्या छोट्या आगगाड्यांचा छंद असणाऱ्या पुण्याच्या मंडळींना हा देखावा त्यांच्या नावाची पाटी लावून मांडायचा आहे.

पंखा कटकट करतोय. तिचे डोळे मिटतात, उघडतात, पुन्हा अर्धे मिटतात. कप्पा जवळ येतोय की आपण लहान होतोय, हे ठरवायला तिच्याकडे मोजपट्टी नाही. पायाखाली खडी लागते. बाकावर बसते तर बाकाला काडेपेटीचा वास येतो, आणि तिच्या लक्षात येतं की हा बाक काड्यांचाच आहे, तिच्या देवघरातल्या काडेपेटीतून नेलेल्या.

"पाय उचल. गोंद ओला आहे."

ते फलाटाच्या कडेला उकिडवे बसलेत. अंगात गंजीफ्रॉक, कपाळावर चढवलेलं भिंग, हातात चिमटा. आजारपणातला चेहरा नाही, पन्नाशीतला आहे. कालिंदी पाय उचलते. उचलल्यावर तिला स्वतःचाच राग येतो. मेलेल्या माणसानेही पाय उचल म्हटलं की आपण उचलतो.

ते इकडचं तिकडचं विचारत राहतात. मोटारीला तेल दिलं का, पुलाजवळचा सांधा अजून अडतो का, जिन्यातला दिवा सोसायटीने बदलला का. ती दिलं, नाही, बदलला अशी उत्तरं देते. मग पुण्याच्या माणसांचं सांगते. त्यांचा चेहरा खुलतो. पाटीवर नाव कुणाचं, असं ते चिमट्याकडे बघत विचारतात, जसं काही उत्तर काहीही आलं तरी चालेल.

"तुमचंच," ती म्हणते.

"बरोबर आहे," ते म्हणतात.

फलाटाच्या मागे जंगल सुरू होतं. कॉटवरून बघताना ही झाडं बोटाएवढी असतात. आता तिला मान वर करावी लागते. राखाडी-हिरवट, कुरळ्या कडांची, काही म्हाताऱ्याच्या दाढीसारखी लोंबणारी. ती एकेका झाडापाशी थांबते. तिला प्रत्येकाचं नाव माहीत आहे, कारण ही झाडं नाहीतच. ही दगडफुलं आहेत. बाजारात मसाल्याच्या दुकानात मिळतं ते दगडफूल त्यातलं एक. शास्त्राच्या भाषेत शैवाक, बुरशी आणि शेवाळ यांचा जोडसंसार.

तिच्या हातात आता चाकू आहे. हिरड्याच्या खोडाला ती कपाळ टेकून उभी आहे आणि आंबोलीच्या घाटात डिसेंबरचं धुकं आहे. ती सव्वीस वर्षांची आहे. साल न दुखावता दगडफूल सोडवायचं, जाड कागदाच्या घडीत ठेवायचं, वर लिहायचं: क्रमांक, जागा, उंची, कशावर उगवलं, तारीख. लिहायला बोटं वळत नाहीत म्हणून ती काखेत धरून त्यांना ऊब देते. तीन हिवाळ्यांत तीनशे बारा पुड्या होतात.

धुक्यातून टेबल दिसतं आणि टेबलामागे तिचे पीएच.डी.चे मार्गदर्शक देवधर सर बसलेले असतात. सर चष्मा पुसतात. एक वर्षाचं काम उरलंय बाई, ते म्हणतात, आता सोडू नका. ती काही बोलणार तोच मागून वाटीवर चमचा आपटल्याचा आवाज येतो. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, हाक मारण्याची ताकद नाही, म्हणून वाटी वाजवतात. ती सरांना एक मिनिट म्हणून आत जाते. आत गेल्यावर मागे प्रयोगशाळा नसते. स्वयंपाकघराची भिंत असते.

पुड्या मात्र राहिल्या. बावीस वर्षं त्या ह्याच कपाटात, ह्याच कप्प्यात, डांबराच्या गोळ्या घालून राहिल्या. कॉलेजात अकरावी-बारावीला शिकवताना तिला वाटायचं, निवृत्त झाल्यावर बघू. मग एका मे महिन्यात बहिणीच्या ऑपरेशनसाठी ती महिनाभर बेळगावला गेली. परत आली तर प्रभाकरांनी तिला डोळे मिटायला लावले, खांद्याला धरून कपाटापुढे उभं केलं आणि दारं उघडली. डोंगर, बोगदा, जंगल. गाडी फिरून आली. ते तिच्या तोंडाकडे बघत होते.

"छान झालंय," ती म्हणाली होती.

त्यानंतरच्या एकोणीस वर्षांत त्या विषयावर ती काही बोलली नाही. घरी कुणी आलं की ते देखावा दाखवायचे आणि ठरलेला विनोद करायचे: हिचं दगडफूल मटणात जायचं होतं, मी डोंगरावर लावलं. पाहुणे हसायचे. ती पोह्यांच्या बश्या फिरवायची. रात्रंदिवस त्या माणसाबरोबर राहायचं तर एका गोष्टीवर विश्वास ठेवणं भाग होतं, आणि तिने तो ठेवला: ह्यांना माहीत नव्हतं. ह्यांच्या लेखी तो मसाला. नोंद हरवलेला नमुना म्हणजे कचरा, हे ह्यांना कोण सांगणार? पुड्यांचे कागद रद्दीत गेले असतील, असंही तिने धरून टाकलं. अडाणीपणाने केलेली चूक माफ करता येते. तिने ती रोज थोडी थोडी माफ केली.

पाटीवर त्यांचं नाव लावू द्यायचं ते त्याच बळावर.

"एक विचारायचं होतं," ती म्हणते. ते पुन्हा फलाटावर आहेत, की कॉटच्या कडेला, ते कळत नाही. "ते काय होतं हे तुम्हाला माहीत होतं का?"

ते भिंग डोळ्यांवर ओढतात. भिंगामागे त्यांचे डोळे बशीएवढे दिसतात.

"बोगदा आतून बघितलास कधी?" ते विचारतात.

तिने बघितलेला नाही. बोगदा आतून कोण बघतं? ते पुढे होतात, रुळांच्या मधून, सवयीने, आणि ती मागून जाते, तीही सवयीने. आत अंधार असायला हवा, पण उजेड आहे, संध्याकाळी पडद्यातून येतो तसला. भिंती कागदाच्या आहेत. तारेच्या जाळीवर गोंदात बुडवलेल्या पट्ट्या एकावर एक चिकटवून त्यांनी डोंगर उभा केला होता, हे तिला माहीत होतं. त्या पट्ट्या कशाच्या, ते माहीत नव्हतं. बाहेरून वर रंग होता, भुसा होता, जंगल होतं. आतून अक्षर आहे. तिचं अक्षर.

क्रमांक ८७, नांगरतास, जांभळाची साल. क्रमांक ८८. क्रमांक ८९. काळ्या शाईत, पुस्तकाच्या पानासारखं सुलट, ओळीने. एकही पट्टी उलटी लागलेली नाही. ती वाचत जाते आणि त्याच वेळी तिच्यातली दुसरी बाई, मोजणारी, मोजत असते: एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस.

"वाचलंत तुम्ही हे."

"आरेखक माणूस मी. अक्षर समोर आलं की वाचलं जातं."

"क्रमाने लावलंय."

"तशाच ठेवल्या होत्यास तू. क्रमाने हाताशी आल्या, क्रमाने लागल्या."

ती थांबते. तिला वाटतं, आता हे काहीतरी बोलतील. तुझं काम जपून ठेवलं, असं म्हणतील. खोटं असलं तरी ती ते घेईल. तेवढ्यासाठी तर ती ह्या खडीतून चालत आलीय.

"चांगला कागद होता," ते म्हणतात. "जाड. वर्तमानपत्राचा कागद गोंद पितो आणि लोळागोळा होतो. हा होत नव्हता."

कुठूनतरी वाटीवर चमचा वाजतो. दोघंही तिकडे बघत नाहीत.

"मला विचारायचं होतंत," ती म्हणते.

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग." ते भिंगाची काच गंजीफ्रॉकच्या टोकाला पुसतात. त्यांच्या आवाजात खेद नाही, रागही नाही. सांधा का अडतो ते समजावून सांगावं, तसे ते बोलतात. "आणि तू तरी कुठं विचारलंस? एकोणीस वर्षं. मी वाट बघत होतो, आज भांडेल, उद्या भांडेल. मग वाटलं, शास्त्रज्ञ बाईंना तसं काही वाटलं नसावं."

हे ऐकून तिला बसावंसं वाटतं, पण बोगद्यात बाक नाही. म्हणजे ह्यांना माहीत होतं. आणि आपण ते ओळखलंय, हेही ह्यांना माहीत होतं. तो विनोद प्रत्येक वेळी तिच्याकडे बघून व्हायचा, पाहुण्यांकडे बघून नाही, हे तिला आत्ता आठवतं. चाचणी होती ती. एकोणीस वर्षं चाललेली, आणि ती प्रत्येक वेळी बश्या फिरवत राहिली.

"शाई माझीच होती," ते सहज म्हणतात. "ऑफिसातली. नकाशाची. आठवतं? अख्खी दौत नेलीस आंबोलीला. पाण्याने जात नाही ती."

ती भिंतीला हात लावते. एका पट्टीचं टोक नखाला लागतं. ती खेचते.

"असं करू नकोस, कालिंदी. डोंगर खचेल."

नावाने हाक मारलेली ऐकून ती क्षणभर थांबते, आणि मग आणखी जोरात खेचते. खोडावरून साल निघावी तसा आवाज येतो. मागून गाडी बोगद्यात शिरलीय, अठरा सेकंद, सतरा, सोळा.

ती कॉटवर आहे. पंखा कटकट करतोय. तोंड कोरडं पडलंय, डाव्या हाताची मूठ घट्ट वळलेली आहे आणि घड्याळात चारला दहा कमी आहेत.

मूठ उघडायला वेळ लागतो. आत कागदाची पट्टी आहे, दोन बोटं रुंद, एका अंगाने वाळक्या गोंदाने टणक झालेली. दुसऱ्या अंगाला लिहिलंय: क्र. २१४. आंबोली, महादेवगड वाट. उंची ७२० मी. हिरड्याच्या खोडावर. ९ डिसेंबर १९८३.

ती पट्टी नाकाशी नेते. डांबराच्या गोळीचा वास अजून आहे.

झोपेत माणूस उठतो, चालतो, परत येऊन निजतो. असं होतं, हे ती जाणते. म्हणून ती तपासून बघते. कपाटापाशी जाते, बाही वर करते आणि बोगद्यात हात घालते. हात सडपातळ आहे, कोपरापर्यंत जातो. बोटांना कागदाच्या कडा लागतात, एकीखाली एक. डाव्या बाजूला, वितीभर आत, दोन बोटं रुंदीची खरखरीत जागा लागते. तिथली तार उघडी आहे.

ती हात बाहेर काढते आणि जंगलाकडे बघते. ह्यातलं काहीही आता जिवंत नाही, ते तिला शिकवायला नको. पण नमुने इथे आहेत आणि नोंदीही इथेच आहेत, सोळा इंचांच्या आत. कुठली नोंद कुठल्या झाडाची, हे सांगू शकेल असं माणूस जगात एकच आहे आणि ते अडुसष्ट वर्षांचं आहे.

स्वयंपाकघरात जाऊन ती मोठं पातेलं भरते आणि गॅसवर ठेवते. पाणी कोमटच हवं. उकळत्या पाण्याने गोंदाबरोबर कागदाचेही धागे सुटतात. धुण्याचा टब धुऊन ती कपाटापुढे ओढून आणते. देखाव्याच्या उजव्या कडेचे चार स्क्रू त्यांच्याच पेचकसाने काढते. डोंगर तळाच्या फळीपासून सुटतो तेव्हा तिला वाटलं होतं त्याहून पुष्कळ हलका लागतो. झाडं ती एकेक उपटून वहीच्या कागदावर ओळीने मांडते.

साडेचारला बेल वाजते. दारात दोन माणसं आहेत, एकाच्या हातात थर्माकोलचा मोठा खोका. वयस्कर गृहस्थ नमस्कार करतात आणि माईणकरसाहेबांचं काम बघायला किती दिवस उत्सुक होतो, असं मनापासून सांगतात. ती त्यांना आत घेते, पाणी देते. मग सांगते की देखावा देता येणार नाही.

ते गोंधळतात. काही चुकलं का आमचं, असं विचारतात. उघड्या कपाटात रूळ आहेत, स्टेशन आहे, आणि उजवीकडे नुसती फळी आहे.

"तुमचं काही नाही," कालिंदी म्हणते. डाव्या हातातली पट्टी ती कडेला धरून आहे, अक्षराला बोट लागू नये अशी. "डोंगर भिजत घालायचाय."