वाकड्या नळाचा अध्यक्ष

शहरातल्या चौकांत कला आणायची म्हणून आम्ही मित्रांनी संस्था काढली आणि सगळ्यांत जास्त बोलतो म्हणून मला अध्यक्ष केलं. हर्सूलच्या रस्त्यावरच्या चौकात आमचं पहिलं शिल्प उभं राहिलं. आकाशाकडं वळत गेलेला लोखंडी पाइप, नाव 'प्रवाह'. उद्घाटनाला मी माणूस आणि अनंत यांवर इतका बोललो की गळ्यातल्या हाराची फुलं सुकली.

भाषण संपल्यावर गर्दीतून एक मावशी पुढं आल्या. मला वाटलं, शिल्पाबद्दल विचारतील. विचारलंही.

"साहेब, लई छान केलं. पण ह्याला पाणी कोणत्या दिवशी येणार?"

आठ-आठ दिवस नळाची वाट बघणाऱ्या गावात मी भर चौकात पाइप उभा केला होता आणि वर त्यालाच 'प्रवाह' म्हणत होतो!

महिन्याभरात चौकाचं नाव 'वाकडा नळ' पडलं. कुणी म्हटलं की मी चिडायचो, 'प्रवाह' म्हणा म्हणायचो. परवा घाईत रिक्षाला हात केला आणि माझ्याच तोंडून निघालं, "वाकडा नळ."

रिक्षावाल्यानं विचारलं, "आया क्या उसको पानी?"

"अजून नाय," मी अध्यक्षांच्या आवाजात म्हणालो. "प्रेशर कमी आहे."