वाघबारशीला सुट्टी नाही

पेठच्या स्टँडवर नाशिकची एसटी लागली तशी बानं माझ्या हातातली पिशवी हिसकली आणि सीट धरायला खिडकीतून आत फेकली. पिशवीत नागलीचं पीठ. ती पडली एका बाईच्या मांडीवर आणि फुटली. बाईनं आम्हा दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बा तिला म्हणाला, “चिडू नको बाय, पोरगं पहिल्यांदाच गाव सोडून चाललंय.” मग माझ्याकडे वळून, “सोम्या, शिमग्याला नाय आलास तरी चालंल. आखाजीला नाय आलास तरी चालंल. वाघबारशीला ये.” मी म्हटलं, येतो की, त्यात काय! दीड-दोन तासांचा तर रस्ता.

तुम्ही जे तिकडेच राहिलात त्यांना वाघबारस सांगायची गरज नाही. पण घाट ओलांडून आलेल्यांची पोरं आता विचारतात, म्हणून सांगतो. दिवाळीच्या तोंडावर शहरात वसुबारस असते ना, त्याच दिवशी आमच्याकडे गुराखी शिवेवरच्या वाघदेवापाशी जमतात. घरोघरचा तांदूळ गोळा करून खीर शिजवतात. एकाला वाघ करतात. गुराख्यांचा म्होरक्या त्याला विचारतो, “आमच्या शिवारात येशील का?” वाघ म्हणतो, “नाय येणार!” “गुरं खाशील का?” “नाय खाणार!” मग सगळे हुर्र करत त्याला रानात पिटाळतात. म्होरक्या माझा बा. वाघ बहुतेक वेळा मी, कारण मी पळण्यात वस्ताद. ढेकळं पाठीत बसायची, पण नंतर खिरीचा पहिला वाडगा वाघाचा.

आता मी गंगापूर धरणाच्या बाजूला एका ग्राउंडवर कुत्र्यांना ॲजिलिटी शिकवतो. म्हणजे कुत्र्यानं आडव्या दांड्यांवरून उड्या मारायच्या, कापडी बोगद्यातून जायचं, काठ्यांमधून नागमोडी पळायचं, आणि माणसानं शेजारून धावत वाट दाखवायची. बाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “कुत्रं शिकवल्याबिगर उड्या मारत नाय व्हय?”

आमच्या वेबसाइटवर माझ्या फोटोखाली लिहिलंय, “निसर्गाच्या कुशीत, प्राण्यांच्या सहवासात वाढलेले प्रशिक्षक.” घ्या! मी आलो होतो द्राक्षाच्या हंगामाला, पिंपळगावला पेट्या भरायला. हंगाम संपला, तेव्हा इथे कुंपणाचे खांब पुरायला आलो. चव्हाण सरांना पळणारा माणूस हवा होता. सर पोलिसांच्या श्वानपथकातून रिटायर झालेले, गुडघे गेलेले, आवाज मात्र अजून परेडचा. त्यांच्या फोटोखाली “तीस गुन्ह्यांचा छडा” वगैरे काही नाही, नुसतं “अनुभवी” आहे, आणि त्याचा त्यांना राग आहे. तिसरी रुबिना, मालेगावची. घरात यंत्रमाग. ती म्हणायची, खटखट ऐकून कान किटले म्हणून भुंकणं ऐकायला आले. असे आम्ही तिघं. कुत्र्यांच्या ओढीनं कोणीच आलं नव्हतं. ओढ मागाहून लागली, आणि लागली ती सुटेना.

कारण इथे शिकवणी आहे तसं हॉस्टेलही आहे. आणि लोक कुत्री कधी ठेवतात? सणाला! साहेब लोक आपापल्या गावी जाणार, आईच्या हातचं खाणार, आणि त्यांचं कुत्रं आमच्याकडे. त्यांना घरी जाता यावं म्हणून आम्ही इथे. दिवाळी, मे महिना, गणपती, एकही सण सुटत नाही. अमेरिकेला गेलेली माणसं बरी, दोन वर्षांनी का होईना महिनाभर येऊन पडतात. मी दीड-दोन तासांवर आहे. संध्याकाळी पेठकडे जाणारी एसटी रस्त्यावरून गेली की हॉर्नवरून ओळखतो. तरी मी त्याच जाळीच्या आत, कुत्री मोजत. बाहेरून कुलूप नाही, आतूनच मी लावतो आणि किल्ली माझ्याच खिशात. असा कैदी कुठे पाहिलात का?

रुबिना होती तोवर निभलं. ईदला मी तिची कुत्री बघायचो, वाघबारशीला ती माझी. “जा रे सोमनाथ, तुझ्या शेराला माझा सलाम सांग,” म्हणायची. तिचं लग्न झालं, ती दुबईला गेली, आता तिकडे मांजरांचे केस कापते. त्यानंतर तीन वाघबारशी हुकल्या.

यंदा बाचा फोन आला. “सोम्या, औंदा शेवटचीच समज. लोकं गुरं विकाया लागली. आपली बी जोडी द्यायची ठरली. गुरं नाय तर गुराखी कशाचा? औंदा वाघ तू हो.” मी मॅडमना, म्हणजे मालकीणबाईंना, स्पष्ट सांगितलं: सुट्टी द्या नाहीतर नोकरी घ्या. त्यांनी एका दिवसाची दिली. सर म्हणाले, “जा, मी सांभाळतो. गुडघ्यांनी नाही तर आवाजानं.”

त्या सकाळी बाइक तयार, सॅक पाठीला. जाता जाता ब्रूनोची एक फेरी घेऊ म्हटलं. ब्रूनो म्हणजे काळं-पांढरं, पायाला भिंगरी लावलेलं कुत्रं. त्याचे मालक केरळला गेलेले. आता आमच्या धंद्यातली गोष्ट ऐका. ह्यात तोंडाचं काही चालत नाही. कुत्रं बघतं तुमच्या खांद्याकडे आणि पावलांकडे. मी आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हेच शिकवतो: जिथे कुत्रं पाठवायचं तिथे आधी तुमचा खांदा जाऊ दे. मी तोंडानं म्हणालो “जंप.” खांदा माझा गेटकडे होता. पावलंही. गेटमधून वाळूचा टेम्पो आत येत होता. ब्रूनोनं दांडी सोडली आणि माझ्या खांद्यानं सांगितलं तसा बाणासारखा गेटबाहेर गेला. त्याचं काही चुकलं नाही हो. त्याला वाटलं, पेठला जायचंय.

दुपारपर्यंत मी हाका मारत फिरलो. शेजारच्या द्राक्षबागेत सापडला, तारेत पाय अडकलेला, तळवा चिरलेला. मला बघून शेपटी हलवली, तेव्हा मी त्याच्या मानेत तोंड खुपसून रडलो, आनंदानं का रागानं ते मला अजून कळलेलं नाही. डॉक्टरांनी टाके घातले. पट्टी तो माझ्याशिवाय कोणाला धरू देईना. सरांचा परेडचा आवाज ऐकून उलट गुरगुरला. मॅडमचा फोन आला: “सोमनाथ, आता तू हलायचं नाहीस.”

लांब कुठेतरी फटाके सुरू झाले होते. ब्रूनो लंगडत बोगद्यात शिरला, मीही त्याच्या मागे शिरलो. फटाक्यांना तिथेच धीर धरतात सगळी कुत्री. आडवं पडून, गुडघे पोटाशी घेऊन मी बाला फोन लावला. पलीकडे गुरांच्या घंटा, पोरांचा गलका. बानं स्पीकर लावला असणार.

“सोम्या, कुठवर आलास? येशील ना?”

“बा, नाय येणार.”

पलीकडून कोणीतरी पोरगं ओरडलं, “गुरं खाशील का?” त्यांना वाटलं, वाघ फोनवर आलाय. आता काय सांगणार? मी म्हटलं, “नाय खाणार.” “शिवारात पाय ठेवशील का?” “नाय ठेवणार.” आणि सगळ्यांनी मिळून मला हुर्र केलं. अंगावर ढेकळं पडत नव्हती एवढंच. बाचा आवाज मात्र त्या गलक्यात नव्हता.

लोक विचारतात, गाव कुठलं, घर कुठे. वेबसाइटवर नाशिक आहे. आधार कार्डावर पेठ आहे. खरं विचाराल तर माझं घर त्या स्पीकरच्या पलीकडे होतं, जिथे कोणीतरी दरसाल विचारायचं, येशील का. पुढच्या साली गुरं नसतील, विचारणारंही नसेल.

गलका ओसरला. बानं स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला.

“सोम्या, खीर ठिवतो तुझी. वाघाचा वाडगा.”

“नको बा. आंबंल ती.”

“आंबू दे,” बा म्हणाला. “ठिवतो.”