लांबच्या टोकाचा माणूस

गोवा राज्य झालं त्या सुमारास मी लष्कराच्या सिग्नल्समध्ये नायब सुभेदार होतो. त्या पावसाळ्यात मुलकी मदतीसाठी आमची छोटी डिटॅचमेंट डिचोलीला गेली. सिग्नलवाले काय करतात असं लोक विचारतात. फोन जोडतात. त्यात मर्दुमकी कसली, असंही काहींच्या तोंडावर दिसतं. मी वाद घालत नाही.

एका खाणीचा खड्डा पाण्याने काठोकाठ भरला होता. पाणी अडवून होता तो नुसता मातीचा बांध. त्याच्याखाली, ओढ्यापलीकडे, कामगारांच्या शेड होत्या; बेळगावकडची माणसं, काही आमच्या सिंधुदुर्गातली, सगळी बायकापोरांसह. ओढ्यावरचा साकव वाहून गेला होता. इन्फंट्रीचे जवान ओढ्यावर रोप, म्हणजे जाड दोरखंड, बांधून त्यांना अलीकडे आणत होते. माणसं पाण्यात असताना बांध फुटला, तर एकही वाचणार नव्हता. म्हणून बांधावर पहारा हवा होता.

तिथे मी लान्स नाईक गवसला पाठवलं. पेडण्यातल्या कोरगावचा, आमचा लाइनमन. मी बांद्याचा, त्यामुळे आमचं बोलणं घरच्या भाषेत चालायचं. मधल्या डोंगरामुळे बांधावरून रेडिओ लागत नव्हता. पण बांधाच्या टोकाला पंपाची खोली होती आणि तिच्या भिंतीवर फोन होता. तो शेजारच्या गावच्या एक्स्चेंजवरचा. मी डिचोलीच्या एक्स्चेंजमध्ये कंट्रोल मांडला. माझ्याकडून रोप पार्टीला रेडिओ लागत होता.

दोन एक्स्चेंजच्या मध्ये सिग्नलिंग मॉड्यूल असायचं, कपाटात खोचलेलं वहीएवढं कार्ड. तुम्ही फिरवलेला नंबर पुढच्या एक्स्चेंजला कळवायचा, एवढंच त्याचं काम. बोलणं त्यातून जात नाही. कॉल लावणं तेवढं त्याच्या हातात. नेमकं त्याच सकाळी ते बंद पडलं. तिथले टेक्निशियन कामत यांनी शेल्फवरचं जुनं कार्ड पुसून लावलं. मी नंबर फिरवला. गवसने उचलला. खोलीतल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

माझा नाही. आमच्यात एक रीत आहे. आपण फोन लावला आणि समोरच्याने उचलला, म्हणून लाइन चालू झाली असं आम्ही मानत नाही. लांबच्या टोकाच्या माणसाने उलटा फोन करून नाव सांगायचं आणि "थ्रू" म्हणायचं, मग ती चालू. गवस या बाबतीत इतका काटेकोर, की रजेवरून घरी पोचला तरी युनिटला फोन करून "गवस, थ्रू" सांगायचा. पोरं त्याला त्यावरून छळायची.

मी फोन ठेवून वाट पाहिली. कॉल-बॅक आला नाही. पुन्हा मीच लावला. तीन वेळा फुकट गेला, मग लागला.

"मी फिरवतंय साब. तकडे लागणा नाय."

कामत कपाटाशी वाकले होते. "येवपी बाजू मेल्या," ते म्हणाले. "चालू कॉल तुटचो ना. पूण फोन सकयल दवरूं नाकात. परत लागत काय ना, देवाक खबर."

म्हणजे गवसकडून येणारी बाजू मेली होती, आणि फोन खाली ठेवला तर परत लागेल याचा भरवसा नव्हता. हाच एक कॉल आमच्या हातात होता.

"गवस, फोन ठेवू नको. धरून रव."

"होय साब."

फोनची दोरी आखूड. खिडकीतून बांध दिसत होता, पण फोन धरून दाराबाहेर जाता येत नव्हतं. पाणी मोजायला बांधावर ठोकलेल्या खुंट्यांपैकी कुठल्या खुंटीला ते लागलं, हे तो सांगायचा, मी रेडिओवर पुढे द्यायचो. रोपवरून माणसं येत होती. दुपारी त्याचा आवाज बदलला.

"साब, बांधाक भेग दिसता. रुंदावता."

"रोप पार्टी, कंट्रोल. पलीकडे किती? ओव्हर."

"शेवटची खेप. बायका आणि मुलं. पाठवायची की थांबवायची? ओव्हर."

ज्या शेडमध्ये त्यांना थांबवायचं, ती बांधाच्या तोंडावरच होती. मी म्हटलं, "गवस, भायर पड. हुकूम आसा."

"रोप रिकामो झालो?"

"नाय. तू पड."

"मगे तुमका सांगतलो कोण?"

मी शिवी हासडली. मला त्याचा राग आला होता आणि त्याच वेळी ऊर भरून आला होता. तो बोलतच राहिला. "बांध अजून आसा, साब. अजून आसा." त्याने तसं म्हटलं की मी रेडिओवर "पाठवा" म्हणायचो आणि एक बाई, नाहीतर एक मूल रोपला लागायचं. कामत हात जोडून उभे होते.

"रोप क्लिअर. ओव्हर."

"गवस, क्लिअर. पळ."

"बरा साब. सगळी इली?"

"सगळी इली."

मग एक घरघर ऐकू आली. त्यानंतर काहीच नाही.

बांध पंपाच्या खोलीसकट गेला. शेडचं नाव उरलं नाही. माणूस मात्र एकही गेला नाही, आमचा सोडून. मी रिसीव्हर कानाला धरून बसलो होतो. संध्याकाळी कामतांनी माझी बोटं एकेक करून सोडवली आणि तो खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी नवं कार्ड आलं. बसवायला मिनिटही लागलं नाही. मला ते कार्ड भिंतीवर आपटावंसं वाटलं.

गवसची आई कोरगावला असते. काजूच्या दिवसांत मी जातो. निघताना ती बजावते, "पावल्यार फोन कर." तिच्या मुलाची रीत तिलाही ठाऊक होती. घरी पोचलो की मी फोन करतो.

"पावलंय, आये."

"बरां जालां. दवरतंय."

"दवर."

पलीकडे तिने ठेवल्याचा आवाज येतो, तेव्हाच मी ठेवतो. आधी ठेवायला मला अजून जमलेलं नाही.