त्या वर्षीचा गाळ

प्रयोगशाळेत तिला सगळे मावशी म्हणत. काम एकच, पाण्यातल्या पिसवा सांभाळायच्या. मोहरीएवढ्या, आरपार दिसणाऱ्या त्या जिवांच्या बरण्या ती रोज उजेडाला धरून बघायची. इतकं कौतुक नवऱ्याच्याही वाट्याला आलं नाही, असं ती स्वतःच हसून सांगे.

तळ्याच्या तळाशी दरवर्षी गाळाचा एक थर बसतो. त्यात पिसवांची अंडी निजून राहतात आणि त्यांना वांझ करणारे रोगजंतूही. तिथल्या संशोधक मॅडम जुन्या थरातली अंडी उबवत आणि त्या पिसवांच्या बरणीत कधी त्याच वर्षाचे, कधी त्याआधीचे जंतू सोडत. पिसू शेर झाली की जंतू सव्वाशेर होतो, मग पुन्हा पिसू. ही चढाओढ कशी चालत आली ते असं कळतं. जुन्या जंतूंना पिसवा सहसा दाद देत नाहीत. घात करतात ते बरोबरीचेच.

एका बरणीत मावशीचा जीव अडकला होता. तिच्यावर ज्या वर्षाची चिठ्ठी होती, त्याच वर्षी मावशीच्या घरात ताप शिरला होता. मायलेकी एकाच खाटेवर फणफणल्या. माय उठली, लेक उठलीच नाही.

त्या बरणीत त्याच वर्षीचे जंतू सोडायची वेळ आली, तेव्हा मावशीचा हात धजेना. तिने गुपचूप जुन्या थराचे सोडले. पिसवा मजेत राहिल्या, त्यांना पिल्लं झाली. मॅडम हरखून गेल्या.

"मावशी, ह्यांनी तर रोगाला चीतपट केलं! आता हेच छापायचं."

घटकाभर मावशीलाही वाटलं, पोर जिंकली. पण खोटं काही पचेना. तिने सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी वहीतली ती नोंद खोडली. मग म्हणाल्या, "पुन्हा करावं लागेल. दुसऱ्या कुणाला सांगू का?"

"नको. माझ्या हातच्या आहेत, मीच करते."

तिने त्या पिसवांचीच पिल्लं नव्या बरणीत घेतली आणि या खेपेस खरे जंतू सोडले. हळूहळू पिसवा लालसर झाल्या, फुगल्या. एकेक करून तळाशी गेली. मावशी रोज बरणी उजेडाला धरायची आणि डोळे पुसायची. शेवटी एकच हलत राहिली.

मॅडमनी ती भिंगाखाली पाहिली. "ही वाचली, मावशी! नशीबवान आहे."

"वाचलीय खरी," मावशी म्हणाली. "नशीबवान आहे का, ते तिला विचारा."