आबांसमोर बसून खाल्लेली पेज

आबांचा अन्ननलिकेचा कॅन्सर फार पुढे गेला होता. इलाज संपल्यावर शहापूरहून एक सिस्टर घरी येऊ लागल्या. आजाऱ्याचा त्रास कमी करायचा आणि घरच्यांना धीर द्यायचा, हे त्यांचं काम. मला आकड्यातलं उत्तर लागतं. मी विचारलं, "पाणी दिवसाला किती मिली?"

"त्यांना हवं तेवढं."

"आणि पेज?"

"मागितली तर बसवून चमचाभर. नको म्हणाले तर आग्रह नाही, श्वासात अडकेल." मग म्हणाल्या, "दादा, तुम्ही नीट जेवताय ना?"

माझी चौकशी करायला यांना बोलावलं होतं का?

खरा वैताग भेटायला येणाऱ्यांचा होता. आमच्या सापगावात आजाऱ्याकडे कोणी रिकाम्या हाताने येत नाही आणि आणलेलं भरवल्याशिवाय उठत नाही. मऊ भात, रव्याची खीर, "एकच घास, माझ्यासाठी." आबा भिडस्त, कोणाला नाही म्हणायचे नाहीत. घास तोंडात धरून ठेवायचे, मग खोकत राहायचे. पाहुणा निघून जाई, खोकला आमच्याकडे राही.

शेवटी मी दारावर पाटी लावली : 'रुग्णास काही भरवू नये.' मुलगा बापाला उपाशी ठेवतोय, असं गावभर झालं. जे येऊन गेले होते तेही डबे घेऊन परत आले. खर्डीहून आत्या आली, आबांची थोरली बहीण, पेजेचा टोप घेऊन.

"काय रे, शिकून हेच शिकलास?"

"आत्या, अडकतं त्यांना."

"मंग पातळ करते. लहानपणी मीच भरवलाय याला. तवा नाय कदी अडकलं!"

मी पुढे होईपर्यंत तिने वाटीत पेज घेऊन आबांच्या तोंडाला चमचा लावलाही. आबांना ठसका लागला, ओठ निळे पडले. सिस्टर नुकत्याच आल्या होत्या. त्यांनी आबांना पुढे वाकवून बसवलं, तोंड साफ केलं. श्वास पुन्हा नीट सुरू झाल्यावर मी सिस्टरांवरच ओरडलो, "तुम्ही सांगा ना आत्याला!"

"आधी आबांना विचारू. आबा, तुम्हाला काय हवंय?"

बोलायला दम नाही त्या माणसाला हा प्रश्न! पण आबांनी वाटीकडे बोट दाखवलं, मग आत्याकडे.

"बाय, तू खा. मी बगतो."

"मी?"

"लांबून आलीस. खा."

आत्या फणकाऱ्याने खायला बसली आणि वाटी संपेपर्यंत रडत होती. आबा शेवटच्या घोटापर्यंत बघत राहिले.

मी पाटी काढली. त्यानंतर जो डबा आणी, त्याला तो आबांसमोर बसून स्वतःच संपवावा लागे. आबा नजरेने खुणावत : लोणचं वाढा. माणसं पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसू लागली आणि वर्षाच्या लोणच्याची बरणी तळाला गेली. खोकला मात्र पुष्कळ कमी झाला.

पुढच्या खेपेला सिस्टरांनी पुन्हा तेच विचारलं, "दादा, जेवलात?"

मी चिडून काही म्हणणार, तेवढ्यात आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताट वाढून घेतलं आणि त्यांच्यासमोर बसलो.