वाऱ्याच्या दिवशी पेटवलेला बांध

सोनगीरपासून कोसभर आत असलेल्या एका गावात कमलबाई मजुरीला जायची. एकोणनव्वद साली ती चाळिशीची होती. तिला दमा होता. फाल्गुनात काँग्रेस गवताचा फुलोरा वाऱ्यावर उडायला लागला की तिची छाती शिट्टीसारखी वाजायची. वारा सुटला की दार लावून घरात बस, निघावंच लागलं तर नाकाला ओलं फडकं बांध, असं धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरात बसणं तिला जमणारं नव्हतं. फडकं मात्र ती रोज बांधायची.

त्या दुपारी पश्चिमेचा वारा पत्रे उचकटत होता. गहू कापून परतताना कमलबाईला लोटन दिसला. त्याचं शेत ती राहायची त्या बौद्धवाड्याला लागून, वाऱ्याच्या तोंडावर. बांधावर वाळल्या गवताचा नि पऱ्हाट्यांचा ढीग घालून तो काडेपेटी काढत होता.

"लोटनभाऊ, आज काडी लावू नको. वारा शे, बठ्ठं गाव जळी जाई."

"मना बांध शे. तुनं काय जास?"

तिने काडेपेटी हिसकावली. लोटनने कुऱ्हाडीचा दांडा तिच्या उजव्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. ती पडली तसा तो तिच्या बरगड्यांत लाथा घालू लागला. काडेपेटी घ्यायला वाकला तेव्हा तिने त्याचा अंगठा दातांत धरला आणि रक्त आलं तरी सोडला नाही. त्याने तिच्या तोंडावर बुक्की मारून हात सोडवला आणि काडी ओढली.

जाळ आडवाच धावला. कडब्याच्या गंज्या पेटल्या, मग लोटनचाच गोठा. आत त्याची बायको मंदाबाई म्हशीला पाणी पाजत होती. लोटन दाराशी धावला, पण तोंडावर भडका आला तसा मागे पळाला. कमलबाई धापा टाकत गोठ्याच्या मागे गेली. डाव्या हाताने विळा चालवून तिने तुराट्यांचा कूड फाडला आणि मंदाबाईला केसांना धरून बाहेर ओढलं. म्हैस दाव्याला बांधलेली राहिली. थोड्या वेळाने तिचं ओरडणं थांबलं.

वाड्यातली चार घरं जळाली, त्यात कमलबाईचं एक. धुळ्याच्या दवाखान्यात ती अकरा दिवस होती, त्यातले चार ऑक्सिजनवर. तक्रार करू नको, घर बांधून देतो, असा लोटनने निरोप धाडला. निरोपामागोमाग मंदाबाई स्वतः आली. तिची अर्धी मान भाजलेली होती. कमलबाईच्या खाटेशी ती उभी राहिली.

"केस कर, अक्का. कोर्टमा मी बोलसू."

ती बोलली. भर कोर्टात, नवऱ्याकडे बघत, तिने दांड्यापासून काडीपर्यंत सगळं सांगितलं. कमलबाईला मारलं ते तिने म्हशीजवळून, गोठ्याच्या उघड्या दारातून पाहिलं होतं. लोटनला दीड वर्षाची सजा झाली. मंदाबाई पुन्हा त्याच्या घरी नांदली नाही; तीही मजुरीला जाऊ लागली.

कमलबाईचा उजवा हात कोपरात वाकडाच राहिला. दुसऱ्या वर्षी ती डाव्या हाताने गहू कापायला शिकली. तिची पात मागे पडली की शेजारच्या पातीवरची मंदाबाई तिच्या पातीतल्याही चार मुठी कापायची.