रिकामे विंचू

आमच्या लॅबमधून पेपर निघाले मोजके, किस्से मात्र विचारू नका! जुनी मंडळी भेटली आणि कोणी नुसतं विंचवाचं नाव काढलं, की दुसरा म्हणतो, "अरे, तो जीपचा सांग ना!" नव्वदच्या दशकात मी तिथे टेक्निशियन होतो. म्हणजे कुठलीही भानगड झाली तरी डबा माझ्याच हातात.

सर विंचवाच्या विषावर संशोधन करायचे. वैदेही त्यांच्याकडे पीएच.डी. करत होती. आणि जव्हारजवळच्या जामसरचे सोमाकाका दगड उलथून आम्हाला लाल विंचू पकडून द्यायचे. त्यांची अट एकच. विष काढून झालं की विंचू जिवंत परत आणायचे, ते पुन्हा दगडाखाली सोडणार.

*

मोखाड्याच्या स्टँडवर जीप भरल्याशिवाय हलायची नाही. एकदा एकच सीट उरली होती. शेजारच्याने माझ्या डब्याकडे बघून विचारलं, "आंबे का?"

मी सरळ स्वभावाचा. म्हटलं, "नाही, विंचू."

अर्ध्या मिनिटात जीप रिकामी! ड्रायव्हर कपाळाला हात लावून म्हणाला, "आता उघडा तो डबा. त्यांनाच बसवतो सीटवर!"

*

विंचू एका बरणीत एकच ठेवायचा, नाहीतर ते एकमेकांना खातात. एकदा बरण्या कमी पडल्या आणि मी दोघांना एकत्र ठेवलं. सकाळी एकच! सर रजिस्टरच्या बाबतीत भलतेच कडक. त्यांनी ते उघडलं, पेन काढून लिहिलं, "नमुना आठ : नमुना सातच्या आत."

*

खोडाळ्याच्या बाजारात चहा पिताना सोमाकाकांनी विचारलं, "या इखाचं करता काय?"

सर खुलले. म्हणाले, "शरीरातल्या प्रत्येक पेशीला बारीक बारीक दारं असतात. कुठून पोटॅशियम जातं, कुठून सोडियम. या विषातला एक छोटासा तुकडा नेमकं एकच दार अडवतो. मग आम्हाला कळतं, त्या दाराचं काम काय."

काकांनी बशी खाली ठेवली. "समजलं. आमचा म्हातारा उंबऱ्यात बसला का मंग कळतं, त्या दारानं किती माणसं जातात!"

पुढे प्रत्येक सेमिनारमध्ये सर त्या म्हाताऱ्याला घेऊन जायचे. काकांचं नाव मात्र कधी घेतलं नाही.

*

विंचवावरचे एवढे मोठे तज्ज्ञ, पण सरांनी विंचवाच्या डब्याला कधी बोट लावलं नाही. जव्हारच्या रेस्ट हाऊसवर एका दुपारी त्यांची किंकाळी ऐकू आली. धावत गेलो. भिंतीवर पाल! सर टेबलावर उभे, आणि पायाशी चाळीस विंचवांच्या बरण्यांचा डबा.

"सर, डबा!"

"डब्याचं काय घेऊन बसलात? आधी ती पाल हाकला!"

*

आता वैदेहीचा. थिसिस द्यायला जेमतेम आठवडा उरला होता आणि तिचा शेवटचा प्रयोग काही केल्या लागत नव्हता. विष टाकलं की दार अडून पेशीचा करंट पडायला हवा. तो ढिम्म! विंचवाच्या शेपटीला हलका शॉक दिला की आधी पाण्यासारखा थेंब येतो, मग दुधासारखा, तेच खरं विष. लागोपाठ तीन फेऱ्यांच्या विंचवांना दूधच नव्हतं. पोरगी रडून रडून अर्धी झाली.

मी तिला घेऊन थेट जामसर गाठलं. काका खळ्यात बसले होते. हातात चिमट्यात धरलेला विंचू, मांडीवर लुगड्याची जाड घडी. विंचू त्या घडीवर नांगी मारत होता, आणि काका त्याला मारू देत होते.

"काका, हे काय करताय?"

"रिकामा करतोय. नागलीच्या कापणीत आमच्या बायकोला चावला. तीन दिवस खाटंला होती, वाचंल असं वाटंना. ही पोरगी रोज हात घालते यांच्यात. तिला काहाला तसं व्हावं?"

मी चांगला झापायच्या तयारीने गेलो होतो. ते राहिलं, आधी त्यांच्या बायकोची तब्येत विचारली.

वैदेहीने लुगड्याच्या घडीकडे बोट दाखवलं. "काका, मला ते विषच हवं होतं हो!" पुन्हा विष भरायला दोनेक आठवडे लागतात. तेवढे तिच्याकडे नव्हते.

काका गोंधळले. मग आत जाऊन आढ्याला टांगलेली आमचीच एक जुनी बरणी घेऊन आले. आत चिंध्या. "इखाची चिंधी टाकू कुठं? गुरं तोंड लावतील. म्हणून ठेवल्यात."

तिने त्या चिंध्या लॅबमध्ये भिजवल्या, पाणी गाळलं, पेशीवर टाकलं. करंट धाडकन खाली! ती टेबलावर डोकं ठेवून हसत होती की रडत होती, मला कळलं नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक म्हणाले, "विष छान टिकलंय. फिल्टर पेपर कुठल्या कंपनीचा?"

"कंपनी नाही सर. सोमाकाकांच्या बायकोचं लुगडं."

डॉक्टर झाल्यावर वैदेही पेढे घेऊन जामसरला गेली. सरही आले. काकांच्या बायकोने आधी तिचे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. मग पेढा घेतला.

निघताना काकांनी दोन डबे आणले. पहिला वैदेहीच्या हातात दिला.

"हे रिकामे. बाईचे."

दुसऱ्याला लाल दोरा बांधला होता. तो त्यांनी सरांच्या हातात ठेवला.

"हे भरलेले. हे तुमी धरायचे."

जव्हारपर्यंत सरांनी तो डबा मांडीवर धरला होता.